डोंगराची ओटी

आई भाकरी थापत होती आणि मी तिच्या गुडघ्यांसाठी संगणकावर पट्टे बघत होते, तेव्हा बाजीमामाचा फोन आला. ऑगस्टमधला रविवार होता. ओहायोतल्या आमच्या लहानशा गावात रविवारी सकाळी गवत कापायच्या यंत्राखेरीज दुसरा आवाज नसतो. आईचे हात पिठानं भरलेले, म्हणून मी फोन ओट्यावर ठेवून स्पीकर लावला.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. जावळीच्या खोऱ्यात दाभेमाळ नावाची वाडी आहे, तिथं राहणारा, डोंगरातला मध काढणारा. फोन केला की तो आधी आमच्याकडच्या पावसाचं विचारी, मग आपल्या म्हशीचं सांगे, मग आईच्या गुडघ्यांवर येई. त्या दिवशी त्यानं काहीच विचारलं नाही.

“आक्का,” तो म्हणाला, “डोंगरानं कळी धरली.”

आईचा हात परातीत थांबला.

“कुठवर?”

“खालच्या टेपापासनं पार कड्यापातूर. औंदा एक काठी रिकामी न्हाई. पितरं बसायच्या आत ये.”

तव्यावरची भाकरी तिनं नीट फुगेपर्यंत शेकली, उतरवली आणि शेगडी बंद केली. परातीत दोन भाकरींचं पीठ मळलेलं होतं. मळलेलं पीठ आईनं तसंच टाकलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. हात धुऊन ती माझ्यासमोर बसली.

“निमे, माझं तिकीट काढ.”

आम्हा दोघींचा तो शेवटचा साधा रविवार. मला ते तेव्हा कळलं नाही. मी पट्ट्याचं माप विचारत होते.

*

कारवी मला पुस्तकातून माहीत होती. सह्याद्रीत उतारांवर दाट वाढणारं झुडूप, काठ्या सरळ, कुडाच्या भिंतींना उपयोगी. सात वर्षं नुसतं पानांवर राहतं आणि मग एका भाद्रपदात सगळा डोंगर एकदम फुलतो. आईच्या माहेरी त्या वर्षी डोंगराची ओटी भरतात, एवढंही मला ठाऊक होतं. मी शाळेत असताना ती दोनदा दोन-तीन दिवसांसाठी दाभेमाळला गेली होती. माझे वडील मी धड बोलू लागायच्या आत वारले. आई साताऱ्यात मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची, आम्ही तिथंच मागच्या खोलीत राहायचो. ती जाताना मला वसतिगृहाच्या बाईंच्या स्वाधीन करायची. एकदा माझी सहामाही होती, एकदा स्कॉलरशिपचा वर्ग. नंतर मी अमेरिकेत आले. त्यामुळे डोंगर काही मी पाहिला नव्हता.

आई माझ्याकडे आली ती पाहुणी म्हणून, माझं लग्न मोडलं त्या हिवाळ्यात. आली ती राहिली. मग तिच्या ग्रीन कार्डाचा अर्ज केला. म्हणजे मी केला, तिनं सह्या केल्या. जन्मतारखेच्या रकान्यात एक जून लिहिलं, तेव्हा ती हसली होती. तिच्या शाळेच्या मास्तरांनी अख्ख्या वाडीला एक जूनला जन्माला घातलं होतं.

अर्जाचा निकाल लागेपर्यंत देशाबाहेर जायचं असेल, तर आधी परवानगी घ्यावी लागते. तीही आम्ही मागितली होती. पण ती कधी येईल ते कुणी सांगत नव्हतं, आणि ती हातात यायच्या आत बाहेर पाऊल टाकलं तर अर्जदारानं आपण होऊन अर्ज सोडून दिला, असं धरतात. आमच्या वकीलबाई मिसेस डेलगाडो यांनी सोमवारी फोनवर हे मला पुन्हा एकदा हळूहळू समजावून सांगितलं. मी आईला मराठीत सांगितलं.

“मग सोडला,” आई म्हणाली.

“काय सोडला?”

“अर्ज. पुन्हा करता येतो का?”

येतो, मी म्हणाले, मुंबईच्या वकिलातीतून. पण मग निकाल लागेपर्यंत तिला तिकडंच राहावं लागेल. वर्ष जाईल, कदाचित दोन.

“डोंगराला सात लागत्यात,” ती म्हणाली आणि लसूण सोलायला घेतला.

वकीलबाई भल्या होत्या. त्यांनी एक वाट दाखवली. घरचं कुणी अत्यवस्थ असेल तर डॉक्टरच्या कागदावर तातडीची परवानगी काही दिवसांत मिळू शकते. आहे का कुणी आजारी? मी आईला विचारलं. आई म्हणाली, आजारी कुणी नाही, डोंगर तेवढा बाळंत व्हायचाय. हे वाक्य मी इंग्रजीत केलं नाही.

संध्याकाळी मामाला हे कळलं, तेव्हा तो जोरात हसला. म्हणाला, त्यात काय, मी हाय की. मेढ्याच्या डॉक्टरकडनं लिहून आणतो. आठ दिस मरणाच्या दारात बसतो, आक्का आली की उठतो, हाय काय अन् न्हाई काय. मागून मामीचा आवाज आला की दारात कशाला, आत जाऊनच बसा, तेवढीच मला उसंत.

मी हसले नाही. कागद किती दिवसांत मिळेल, असं मी विचारलं. आईनं माझ्या हातातून फोन घेतला.

“बाज्या, जित्या माणसाचं मरण कागदावर घालायचं न्हाई. लिहिलेलं कुणीतरी वाचत असतं.”

तो विषय तिथं मिटला.

पुढचे चार-पाच दिवस मी तिला समजावत राहिले. मी आवाज चढवला नाही; आमच्याकडे कुणी चढवत नाही. मी म्हटलं, मामा व्हिडिओ पाठवेल. ती म्हणाली, ओटी काय फोनवरनं भरतात? मी तिला गुडघ्यांचे एक्स-रे दाखवले. रक्तदाबाच्या गोळ्या सांगितल्या, त्या तिकडे वाडीत मिळणार नाहीत हे सांगितलं. विम्याचं सांगितलं. साताऱ्याची खोली केव्हाच सोडली आहे, मामाचं घर चढावर आहे, पावसाळ्यात तिथं जीपसुद्धा जात नाही, हेही सांगितलं. ती सगळं ऐकून घेत होती. शेवटच्या दिवशी मी बोलून थांबले, तेव्हा ती माझ्याकडे बघत म्हणाली,

“आनखी काय?”

“आणखी काही नाही.”

ती थोडा वेळ तशीच बघत राहिली. मी काहीतरी विसरले असेन आणि मला ते आठवेल, अशी वाट बघितल्यासारखी. मग उठली आणि लसणाची टरफलं केराच्या डब्यात टाकली.

“मग काढ तिकीट.”

मी दोन काढली. मला नागरिकत्व मिळालेलं होतं, माझं काही अडत नव्हतं. माझ्या नोकरीच्या कचेरीत मी सांगितलं की आईला सोडून येते.

अमेरिकेतून बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. विमानतळावर कुणीतरी अडवेल, विचारेल, बाई, तुम्हाला माहीत आहे ना काय करताय ते, अशी मला उगीचच आशा होती. एका पोरसवदा मुलीनं आईचा बोर्डिंग पास यंत्राला दाखवला, यंत्र टिंग वाजलं, आणि ती म्हणाली, प्रवास सुखाचा होवो. तेवढ्यात सगळं संपलं. आई चाकाच्या खुर्चीत बसून खिडकीबाहेरची विमानं बघत होती.

*

दाभेमाळला पोचलो तेव्हा धुकं इतकं होतं की मामाचं घर आधी वासानं कळलं, मग दिसलं. भिंती कारवीच्या, शेणानं लिंपलेल्या. मामीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाली, पोरगी वाळली गं आक्का, तिकडं काय खायला मिळत न्हाई का.

गौरी-गणपती नुकतेच होऊन गेले होते. वाडीत लेकी जमल्या होत्या. घाटकोपरहून, नवी मुंबईहून, साताऱ्याहून, एक तर सुरतेहून. जाड चष्म्याच्या म्हाताऱ्या, कडेवर पोर घेतलेल्या पोरी, मोबाइलवर बोलत चुलीपुढं बसलेली एक शिक्षिका. जी ती येऊन आईच्या पाया पडत होती. मला वाटलं अमेरिकेहून आली म्हणून. तसं नव्हतं. मागच्या फुलोऱ्यानंतर तिच्याहून थोरल्या दोघी गेल्या होत्या. आता वाडीच्या हयात लेकींत आईच थोरली होती, आणि पहिली ओटी थोरलीच्या हातची. ती भरल्याशिवाय कुणी कारवीच्या मधाला हात लावत नाही.

हे तिनं मला ओहायोत सांगितलं नव्हतं. मी विचारलं, का नाही सांगितलंस? ती म्हणाली, “तू म्हणाली असतीस, दुसरी कुणीतरी भरील.” आणि मी तसंच म्हणाले असते.

सकाळी आम्ही निघालो. वाट शेवाळलेली होती. मामानं खुर्चीला बांबू बांधून दोन गडी तयार ठेवले होते. आईनं खुर्चीकडे बघून विचारलं, “मी गौर हाय का गणपती?” आणि चालायला लागली. ज्या गुडघ्यांचे एक्स-रे मी तिच्यापुढे धरले होते, त्याच गुडघ्यांनी ती चढत होती. दहा पावलं चालायची, दगडावर बसायची, पुन्हा उठायची. मी काठी पुढे केली की घ्यायची, हात पुढे केला की नको म्हणायची. बायका तिच्या मागं थांबत होत्या. तिच्या पुढं कुणी गेलं नाही. घाईसुद्धा कुणी केली नाही.

वर टेपावर, डोंगराच्या सपाट खांद्यावर, आलो तेव्हा समोर पांढऱ्या धुक्याखेरीज काही नव्हतं. पण आवाज येत होता. खोल कुठंतरी, डोंगराच्या पोटात, एखादं मोठं जातं सावकाश फिरत असावं, तसा. पायांच्या तळव्यांना तो आधी कळला, मग कानांना.

“माश्या,” मामा हळूच म्हणाला. “हलू नको. त्यांचं लक्ष न्हाई आपल्याकडं आज.”

मग वारा आला आणि धुकं उचललं गेलं.

आधी माझ्या पुढ्यातलं झुडूप दिसलं, माझ्याहून उंच, शेंड्यापासून मुळापर्यंत निळ्याजांभळ्या फुलांनी लगडलेलं. मग त्याच्या मागचं, मग त्याच्या मागचं. मग उतार. मग पलीकडचा उतार. मग दरीच्या पार समोरचा अख्खा डोंगर. धुकं वर सरकत गेलं आणि निळाई वर चढत गेली, कड्याच्या काळ्या भिंतीला टेकली आणि तिच्या फटींतूनसुद्धा वर निघाली. हिरवं कुठं उरलंच नव्हतं. त्या सगळ्यावर माश्यांचा एक सोनेरी, हलता थर होता. मी आयुष्यभर वाचत आले आहे, आणि जे बघते त्याला कुणाचा तरी शब्द लावायची मला सवय आहे. तिथं एकही शब्द आला नाही. मी तोंड उघडं टाकून उभी होते, आणि शेजारी ती सुरतेची बाई रडत होती, कुणाला काही न सांगता, घाम यावा तशी.

किती वेळ गेला, सांगता येणार नाही. आई पुढं झाली. तिनं पदर डोक्यावरून घेतला, पहिल्या झुडपाच्या बुंध्याशी बसली. खण ठेवला. त्यावर नारळ, हळकुंड, सुपारी. ओंजळीनं तांदूळ वाहिले. बुंध्याला हळद लावली, कुंकू लावलं. ती उठली तेव्हा मामी कुंकवाची कोयरी घेऊन तिच्यापुढं उभी राहिली. आईनं मान जराशी वर केली. आणि मामीनं तिच्या कपाळावर मोठं, गोल, ठसठशीत कुंकू लावलं.

मी आईचं कपाळ कुंकवासह कधी पाहिलं नव्हतं. साताऱ्याच्या वसतिगृहात चैत्रात बाईंचं हळदीकुंकू व्हायचं. आंबेडाळ आईच वाटायची, पन्हं आईच गाळायची, आणि बायका यायला लागल्या की आत स्वयंपाकघरात जाऊन बसायची. बाहेर चांदीच्या ताटल्यांचा आवाज यायचा. मी तिच्याजवळ बसून गणितं सोडवायची. तेव्हा मला ते गणितांइतकंच रोजचं वाटे.

मी मामीच्या कानाशी लागले. ती माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणाली, “हितं लेक बघत्यात, कुकू न्हाई. डोंगर कुणाचा नवरा मोजत न्हाई.”

मग तिनं माझ्याही कपाळाला बोट लावलं. मी गेली कित्येक वर्षं टिकलीसुद्धा लावत नव्हते. मी हलले नाही.

सगळ्यांच्या ओट्या भरून झाल्यावर मामानं हाळी दिली, “आता मागा.”

ही रीत मला कुणी सांगितली नव्हती. ओटी भरल्यावर लेकीनं एक मागायचं असतं, आणि मोठ्यानं ओरडून मागायचं असतं, दरीपलीकडे जाईल असं. एकेक बाई कड्याशी जाऊन मागू लागली. एकीनं नवऱ्याची दारू सुटू दे म्हटलं. एकीला घाटकोपरची खोली स्वतःच्या नावावर हवी होती. शिक्षिकेनं बदली मागितली, तालुक्याच्या नावासकट. एक म्हातारी ओरडली, सुनंला अक्कल दे, आणि खालच्या वाटेवरून सुनेचा आवाज आला, थोडी सासूलाबी दे. डोंगर प्रत्येकीचं मागणं जसंच्या तसं परत म्हणून दाखवत होता, त्यामुळे सुनेचंही दोनदा ऐकू आलं. बायका हसून हसून खाली बसल्या.

पहिलं मागणं अर्थात आईनं मागितलं होतं. मी ते मुद्दाम मागं ठेवलं. ती कड्याशी गेली, दोन्ही हात तोंडाशी धरले, आणि मी त्याआधी आणि त्यानंतर कधीही ऐकला नाही अशा आवाजात ओरडली,

“माझी निमी एकटी हाय. तिला सोबत दे.”

डोंगरानं ते सगळ्यांना ऐकवलं. एकटी हाय. सोबत दे. माझे कान तापले. मी माझ्या लग्नाचं मामालाही धड सांगितलं नव्हतं.

माझी पाळी सगळ्यात शेवटी आली. मी कड्याशी गेले. खाली निळी दरी गुणगुणत होती. मला काय म्हणायचं आहे ते अगदी ओठांवर होतं, चार शब्दांचं. सगळ्या बायका वाट बघत होत्या. आईसुद्धा.

“मी मनात मागितलं,” मी वळून म्हणाले.

कुणी हसलं नाही. आई माझ्याजवळ आली.

“बाळंतिणीच्या कानात कापूस असतो, निमे. मनातलं तिला ऐकू येत न्हाई.”

“राहू दे गं.”

“बरं, ऱ्हाऊ दे.” तिनं फुलांवरून हात फिरवला. चिकट झालेली बोटं पदराला पुसली. “हिचं बी तडकायला लागलं की कापूस निघतो. वैशाखात ये मग. तवाबी ऐकती ती.”

पुन्हा धुकं उतरलं आणि आम्ही खाली निघालो. आईच्या कपाळावरचं कुंकू घामानं नाकाच्या शेंड्यापर्यंत ओघळलं होतं. तिनं ते पुसलं नाही. घरी मामानं दगडी वाटीत पहिला मध आणला. काळपट, जड, जिभेवर जराशी कडवट चव मागं ठेवणारा. आईनं बोट बुडवून माझ्या जिभेवर ठेवलं, तान्ह्या पोराला चाटवतात तसं. दुसऱ्या दिवशी मी निघाले. ती उतार उतरून खाली जीपपर्यंत आली. गोळ्या वेळेवर घे, मी म्हणाले. ती म्हणाली, तू बसून जेवत जा.

जीपमध्ये बसल्यावर मला प्रश्न पडला की मी ओहायोत उभ्यानं जेवायची, हे तिला कसं कळलं. ती आल्यापासून तर मी रोज तिच्यासोबत बसूनच जेवत होते.

*

नवा अर्ज मी ऑक्टोबरात सुरू केला. त्याचीही वाट बघायची होती. दर रविवारी फोन व्हायचा. आई सांगायची, फुलं गळली, डोंगर आता वाळत चालला, औंदा मध डबे भरून निघाला. म्हणायची, तुझ्या वकीलबाईला एक बाटली पाठवायची हाय.

फाल्गुनातल्या एका दुपारी, माझ्याकडे सकाळ होती, मामाचा फोन आला. रविवार नव्हता. त्यानं विचारलं, तुमच्याकडं पाऊस हाय का? मी म्हटलं, बर्फ आहे. मग त्यानं म्हशीचं सांगितलं. मग विचारलं, तुझं गुडघं बरं हाईत ना?

माझ्या गुडघ्यांना कधीच काही झालं नव्हतं. मी ओट्याला धरून उभी राहिले.

“मामा, कधी?”

“मघाशी,” तो म्हणाला. “अंगणात चिंचा फोडत बसली हुती. हातात चिंच तशीच हाय.”

*

तेव्हा जाऊन मी सगळं करून आले. पुन्हा गेले ती वैशाखात. मी येतेय असं मामाला कळवलं, तेव्हा त्यानं कशाला म्हणून विचारलं नाही.

पहाट सरल्यावर आम्ही चढलो. खाली खोऱ्यात ऊन तापायला लागलं होतं, वर टेपावर मात्र धुकं अडकलेलं होतं. कारवी उभीच होती, पण मेलेली. तपकिरी, कोरडी, एकही पान नाही, शेंड्यांवर वाळलेली बोंडं. कारवी एकदाच फुलते, बी धरते आणि उभ्याउभ्याच मरते. उतार, पलीकडचा उतार, समोरचा डोंगर, सगळं तसं. पावसाळा संपला की वाडी या काठ्या तोडून नेते आणि भिंती नव्या करते, मामा म्हणाला. बी पडायच्या आत मात्र कुणी विळा लावत नाही.

मी एका दगडावर बसले. आई चढताना याच दगडावर शेवटची बसली होती. मामा जरा अंतरावर उभा राहून तंबाखू मळत होता. बोलताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

“तिकीट काढायच्या आदल्या दिशी आक्काचा मला फोन आला हुता. तू आंघोळीला गेली हुतीस म्हणं. म्हणली, बाज्या, निमी जाऊ नको म्हणली तर म्या न्हाई यायची. ओटी दुसरीच्या हातनं भरून घ्या.” त्यानं तंबाखू तोंडात टाकली. “मी म्हनलं, खुळी का काय. सात वरसं वाट बघितलीस. तर म्हणली, असू दे.”

एवढं बोलून तो खालच्या टेपाकडे निघून गेला. त्याच्या मधमाश्यांच्या पेट्या तिथं होत्या.

धुकं ओलं होत आलं. माझ्या हातावरची लव ओली झाली. आणि कुठंतरी उजवीकडे, अगदी जवळ, तड् असा आवाज झाला. मग एक खाली. मग एकदम पाच-सहा. बोंडांना ओल लागत होती आणि ती फुटत होती. बघता बघता सगळा उतार तडतडू लागला, मग पलीकडचा, मग दरीपार डोंगर. मोठ्या घराण्याच्या लग्नात अक्षता पडाव्यात तसं बी हवेत उडत होतं, मेलेल्या काठ्यांवरून, दगडांवर, माझ्या केसांत, डोळ्यांच्या पापण्यांवर. ते बारीक बी गालाला लागलं तर टोचायचं. एवढा मोठा मेलेला डोंगर, आणि तो असा बोलत होता.

मी उठले. कड्याशी गेले. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी ते आधी हळू म्हटलं, नेहमीच्या आवाजात, आणि तडतडीत माझं मलाच ऐकू आलं नाही. मग आईनं धरले होते तसे दोन्ही हात तोंडाशी धरले.

“आई, जाऊ नको. मला तुझ्यावाचून करमत नाही.”